पहाटे चार दहा

भिंतीला कान असतात म्हणतात.
वूचमधल्या या जुन्या इमारतीत भिंतीला घसा आहे,
आणि तो पहाटे चार दहाला खाकरतो :
ठक्. ठक् ठक्.

पाचव्या मजल्यावरच्या विएस्वावाबाईंनी
सहा वर्षांचा हिशेब वहीत ठेवलाय,
तारीख, वेळ, ठोके.
पुढच्या रकान्यात आपलं उत्तर :
डावाने, रेडिएटरवर, चार वेळा.
"खालचा ओल्गिएर्द मुद्दाम करतो," त्या म्हणाल्या,
"तुम्ही पाइप बघा, पण दोष माणसात आहे."

मी माणसं दुरुस्त करत नाही.
मी लांब स्क्रूड्रायव्हर काढला,
टोक पाइपला, मूठ कानामागच्या हाडाला.
हे मला झेनोनने शिकवलं, माझ्या उस्तादाने,
जो शेवटी शेवटी दोन्ही कानांनी बहिरा होता
आणि तरी हाडाने ऐकायचा.
तो म्हणे, आवाज जिथे येतो तिथे दुखत नसतं, पोरी.
शिट्टी वाजली तर वायसर बघ,
गरम पाण्यानंतर टिकटिक झाली तर
तांबं अंग ताणतंय, त्याला जागा दे,
पण ठोका आला
तर आधी विचार, कोणी काय घाईने बंद केलं.

मी खाली गेले.

ओल्गिएर्दने दार साखळीएवढंच उघडलं.
"तिने पाठवलं?"
गिरणी बंद पडून तीस वर्षं झाली
तरी हा पहिल्या पाळीला उठतो,
किटली भरतो,
आणि नळ मनगटाने खाली हाणतो.
बोटं मिटत नाहीत त्याची.
चाकीचा नळ फिरवता येईना
म्हणून भाच्याने दांडीचा बसवून दिला.
कधी? मी विचारलं.
सहा वर्षं झाली असतील.

दाबमापक लावला : साडेसहा बार.
एवढ्या जोरात धावत आलेल्या पाण्याच्या
तोंडावर दार लागल्यावर
कपाळ कुठेतरी आपटणारच.
ते वर जाऊन आपटत होतं,
पाचव्या मजल्यावर, बाईंच्या उशीमागे,
जिथे दोन क्लॅम्प गंजून सुटले होते
आणि पाइप भिंतीत मोकळा नाचत होता.

जुन्या लोकांनी सोय केली होती तशी.
टोकाला वीतभर आंधळी नळी,
आत नुसती हवा,
पाण्याने धडक दिली तर अंग चोरून घेणारी.
पण हवा पाण्यात विरते, हळूहळू, कोणाला न सांगता.
नळी काठोकाठ भरली होती.
धक्का सोसायला आत काहीच उरलं नव्हतं.

तिला रिकामं करायचं तर
जिन्यातला वॉल्व्ह बंद करून
वरचा नळ आणि खालचा नळ
एकाच वेळी उघडे हवेत.
मी एकटी. माझी मदतनीस पोरगी तापाने पडलेली.
मी जिन्यात मधोमध उभी राहिले,
दोन्ही दारं सताड उघडायला लावली, आणि म्हटलं,
आता एकमेकांना विचारा.

बराच वेळ फक्त गळणारं पाणी.

मग वरून : "उघडला का?"
खालून : "कधीचा."
वरून : "सगळा?"
खालून : "माझ्या हाताला जमेल तेवढा."

यावर वरून काहीच आलं नाही.
पाइपाने मोठा घोट घेतला, गुळगुळला,
आणि हवा आत शिरली.

नवे क्लॅम्प, खाली नमद्याची पट्टी,
दाब उतरवून साडेतीनवर.
ओल्गिएर्दला दांडी सावकाश ढकलायला शिकवलं,
कोपराने, मांजराला बाजूला सारावं तशी.

आठवड्याने बाईंचा फोन.
"चार दहाला जाग येते आणि काहीच नाही.
तो बरा आहे ना?"
मी म्हटलं, माझ्याकडे यासाठी हत्यार नाही.
एक मजला उतरा.
"अशा अवेळी?"
तो जागा असतो, मी म्हटलं, किटली चढलेली असते.

फोन ठेवला तेव्हा ऐकू आलं,
माझ्याच सिंकवरचा नळ टिपटिपतोय,
तीन महिने झाले.
वायसर खिशातच आहे.
उद्या बघू.